एमओयूवर सही झाली, म्हणजे एक्स्चेंज सुरू झालं का?

नमस्कार मंडळी. गेल्या तीन व्हिडिओंखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, म्हणून आज तोच घेऊन बसलेय. "मॅडम, आमची टीम स्टुडंट एक्स्चेंजसाठी परदेशी विद्यापीठं बघायला चाललीय. तिथं नेमकं बघायचं काय?"

सोप्या गोष्टी पटापट उरकते. भेटीची वेळ दोन-तीन महिने आधी मागा. आपल्या अभ्यासक्रमांची दोन पानी माहिती आधीच पाठवून ठेवा. त्यांच्या परीक्षांच्या किंवा सुट्टीच्या दिवसांत जाऊ नका. जपानमध्ये वर्ष एप्रिलला सुरू होतं, ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी-मार्चला, जर्मनीत हिवाळी सत्राचे तास साधारण ऑक्टोबरला. हे बघून मग तिकीट काढा. बास.

आता जे माझ्या डोक्यात जातं त्याकडे येते. क्रेडिट, म्हणजे विषयाचं वजन सांगणारा आकडा.

मी पहिल्यांदा अशा भेटीला गेले, तेव्हा काय घेऊन आले माहितेय? सह्या झालेला एमओयू म्हणजे सामंजस्य करार, दोन झेंड्यांमध्ये उभं राहून काढलेला फोटो आणि विद्यापीठाचं नाव छापलेली एक छत्री. छत्री अजून वापरते. एमओयूवर मात्र दोन वर्षं एकही विद्यार्थी गेला नाही. कारण त्या कागदात होतं काय, तर "आम्हाला एकत्र काम करायला आवडेल". किती विद्यार्थी, कुठल्या सत्रात, फी कोण माफ करणार, यातलं एक अक्षर नाही. त्यासाठी वेगळा एक्स्चेंज करार लागतो. तो आम्ही मागितलाच नव्हता!

तिसऱ्या वर्षी करार झाला आणि एक मुलगी गेली. छान शिकली, पास होऊन आली. गुणपत्रिकेत एका विषयापुढे लिहिलेलं, ६ क्रेडिट. आमच्याकडे तोच विषय ४ क्रेडिटचा. ऑफिसातून शेरा आला, "विषय जुळत नाही." पोरीनं तो पेपर परत दिला, ज्युनिअर्सच्या बाकावर बसून. मला तिच्याशी बोलायची लाज वाटत होती.

आता नीट ऐका. युरोपातलं क्रेडिट, म्हणजे ईसीटीएस, मोजतात विद्यार्थ्याच्या एकूण कष्टांवर. पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तास. त्यात वर्ग आला, घरचा अभ्यास आला, परीक्षेची तयारीही आली. पुष्कळ ठिकाणी मात्र क्रेडिट मोजतात आठवड्याला वर्गात किती तास बसलात त्यावर. म्हणजे त्यांचे ६ आणि तुमचे ४ हा एकच विषय असू शकतो. मापच वेगळं आहे, किलो आणि पाउंडासारखं. आकडा बघून "जुळत नाही" म्हणणाऱ्याला हे कोणीतरी आधी सांगायला हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे भेटीला गेलेले तुम्ही.

बरं, आकडा जुळला तरी विषय जुळेलच असं नाही. नावावर जाऊ नका. पुढच्या भेटीत मी आमचा अभ्यासक्रम छापून नेला आणि तिथल्या विभागातल्या समन्वयकांसमोर ठेवला. त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ खोडत गेल्या. हा विषय फक्त पदव्युत्तर मुलांना. हा स्थानिक भाषेत. हा इंग्रजीत आहे, पण वर्षाआड होतो. वेबसाइटवर सगळे दिसत होते बरं का! अकरापैकी पाच उरले. त्या वीस मिनिटांत मला जे कळलं, ते आधीच्या अख्ख्या दौऱ्यात कळलं नव्हतं.

म्हणून तिसऱ्यांदा तेच सांगते, आता माणसाच्या बाजूनं. आंतरराष्ट्रीय विभागातली मंडळी प्रेमळ असतात, कॅम्पस फिरवतात, पण क्रेडिटचा निर्णय बहुतेक वेळा विभागातला शिक्षक घेतो. त्यांचाही आणि तुमचाही. भेटीच्या वेळापत्रकात या माणसाचा एक तास नसेल, तर लायब्ररीची फेरी रद्द करा आणि तो तास मागून घ्या.

यावरून आठवलं, एकानं लिहिलंय, "नुसतं कागदांवर बोलता, लॅब दाखवा की." अहो, लॅब चकचकीतच असते! पाहुण्यांना तीच दाखवतात. एक्स्चेंजच्या विद्यार्थ्याला तिथं हात लावू देतात का, हे विचारा.

दुसरी कमेंट, "एक्स्चेंज म्हणजे फुकट ना?" नाही हो. फी आपल्याच विद्यापीठात भरायची, तिथली शिकवणी फी माफ, असा करार सहसा असतो. राहणं, विमा, व्हिसा, प्रवास हे आपलं आपण. आणि देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी लागते. आपली दहा मुलं गेली आणि त्यांचं एकही आलं नाही, तर ते पुढच्या वर्षी जागा कमी करतात. त्यामुळे "तुमच्या मुलांना आमच्याकडे काय शिकायला आवडेल?" हेही तिथंच विचारून या.

शेवटचा कागद, लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. युरोपात इरॅस्मस ही विद्यार्थी देवाणघेवाणीची योजना १९८७ पासून चालू आहे, आणि तिथं या कागदावर विद्यार्थी, पाठवणारं विद्यापीठ आणि घेणारं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या मुलं निघायच्या आधी होतात. कुठले विषय शिकणार आणि परत आल्यावर ते कशाच्या बदल्यात धरणार, सगळं लिहिलेलं. तुम्ही युरोपात जात नसाल तरी नमुना मागून आणा. फक्त त्यावर आपल्या परीक्षा विभागाला आधी बसवा. आमच्या त्या मुलीच्या वेळी विभागप्रमुखांची सही होती, परीक्षा विभागाला मात्र तो कागद पहिल्यांदा दिसला ती परत आल्यावर.

ज्यांच्या तारखा ठरल्यात त्यांनी देश आणि विषय खाली लिहा. सत्रं एकमेकांवर चढतायत का, ते पुढच्या व्हिडिओत कॅलेंडर उघडून बघू.