पोटाचं अस्तर जाड झालं म्हणजे काय झालं?

मंडळी, कोल्हापुरात जठरावर बोलायचं म्हणजे तांबड्या रश्श्याचा खटला आधी निकालात काढावा लागतो. तर काढतो. तिखटानं जळजळतं, आत जखम असेल तर जास्तच. पण वर्षानुवर्षं टिकणारा जठरदाह तिखटानं होतो, हे काही सिद्ध झालेलं नाही. (हशा) थांबा, टाळ्यांची घाई नको. रश्श्याआधी उघडलेली बाटली आणि दुसऱ्या दिवशी डोकं उतरवायला घेतलेली दुखण्याची गोळी, या दोघींना मी निर्दोष सोडलेलं नाही.

जठराचं अस्तर जेमतेम एक मिलिमीटरचं. वर चिकट श्लेष्माचा थर, खाली ग्रंथी, आणि त्यातल्याच काही पेशी आम्ल तयार करतात. त्याला सतत डिवचलं की ते एक तर झिजतं, नाही तर जाड होतं. जाड अस्तर म्हणजे जास्त आम्ल, असा आपला समज असतो. हा हिशेब पुष्कळदा उलटा निघतो, माणसातही आणि गोठ्यातही. आजचा विषय तेवढाच आहे.

आता ऑस्ट्रेलियातल्या पर्थला जाऊ. पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वळणदार जंतू दिसत होते. त्यांचे सहकारी डॉक्टर बॅरी मार्शल ते वाढवायला बघत होते, पण ताटल्या दोन दिवसांत रिकाम्या म्हणून फेकल्या जायच्या. १९८२च्या ईस्टरला सुट्टी पडली, ताटल्या पाच दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवले. म्हणजे सरकारी सुट्टीचाही विज्ञानाला उपयोग होतो! (हशा) तरी लोक मानेनात. एवढ्या आम्लात जंतू जगेलच कसा, हा त्यांचा प्रश्न. १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचं पाणी स्वतःच प्यायलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, दुर्बिणीनं तपासलं तर जठरदाह. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं, हे सगळे सांगतात. त्या उलट्यांत आम्ल नव्हतं, हे मात्र कुणी सांगत नाही. ताज्या दाहानं आम्ल करणाऱ्या पेशीच गप्प बसल्या होत्या.

हा हेलिकोबॅक्टर पायलोरी युरियापासून अमोनिया करतो आणि त्याच्या आडोशाला जगतो. दुर्बिणीच्या वेळी होणारी झटपट चाचणी यावरच चालते: तुकडा युरियाच्या पिवळ्या जेलमध्ये टाकायचा, अमोनिया झाला की ती गुलाबी होते. आणि इथंच माझी तक्रार आहे. रुग्ण सहा महिने आम्ल कमी करणारी पॅन्टोप्रॅझोलची गोळी खातोय, गोळी चालू असतानाच दुर्बीण होते, खालच्या भागातून म्हणजे अँट्रममधून एकच तुकडा निघतो, चाचणी पिवळीच राहते आणि कागदावर येतं, ‘जंतू नाही’. अहो, गोळीनं जंतू कमी होतात आणि उरलेले वर जठराच्या मुख्य भागात सरकतात! तातडी नसेल तर डॉक्टरांना विचारून ही गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी थांबलेलं हवं. तुकडे अँट्रमचे दोन, मुख्य भागाचे दोन आणि या दोहोंमधल्या कोपऱ्याचा एक. अँट्रमचे आणि मुख्य भागाचे फॉर्मॅलिनच्या वेगळ्या बाटल्यांत, बाटलीवर जागा लिहून. सगळे एकाच बाटलीत गेले तर दाह कुठला हे पॅथॉलॉजिस्टनं ओळखायचं कसं, पत्रिका बघून? (हशा) आणि उपचारानंतर जंतू गेला का हे रक्ताच्या चाचणीनं कळत नाही, अँटिबॉडी महिनोन्‌महिने राहतात. किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करायची.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. मुख्य विषय आताच सुरू होत होता, असो.

जाड वळ्या, म्हणजे जठराच्या अस्तराच्या घड्या. दुर्बिणीतून हवा भरली की निरोगी वळ्या सपाट होतात. झाल्या नाहीत तर कारण शोधायचं. मेनेत्रिए यांनी १८८८ मध्ये वर्णन केलेल्या आजारात मुख्य भागातल्या वळ्या प्रचंड फुगतात, अँट्रम बहुधा सुटतो, आम्ल कमी होतं आणि रक्तातलं प्रथिन जठरात झिरपतं. पायाला सूज, लघवीत प्रथिन नाही, यकृत ठीक, तरी अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं हेच प्रथिन, कमी: मग जठराकडे बघा. चिमटीएवढा वरवरचा तुकडा इथं पुरत नाही, खोल घ्यावा लागतो. याच्या उलट झॉलिंजर-एलिसन हा १९५५ मध्ये वर्णन झालेला आजार: आम्ल वाढवणारं गॅस्ट्रिन हे संप्रेरक करणारी गाठ, वळ्याही जाड आणि आम्लही उतू जाणारं. आणि भिंत ताठ, हवा भरूनही न फुगणारी असेल तर कर्करोग. तिथं वरवरचे तुकडे कोरे येतात, म्हणून कोऱ्या रिपोर्टवर निजायचं नाही.

आता गोठा. थंड मुलखात गुरांच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, ऑस्टरटॅजिया जंताच्या अळ्या ग्रंथींत शिरतात. आम्लाच्या पेशी जाऊन श्लेष्माच्या येतात, अस्तर खडबडीत कमावलेल्या चामड्यासारखं होतं. चामडं कसं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. पीएच दोनवरून सातकडे जातो, म्हणजे आम्ल जवळपास संपतं, आणि प्रथिन झिरपतं. मेनेत्रिएचाच हिशेब! आपल्याकडच्या शेळ्या-मेंढ्यांत हिमोंकस हा जंत जास्त. तो रक्त पितो, मग जबड्याखाली पाणी साठतं आणि पापणी आतून पांढरी पडते.

म्हशीला लग्नातला उरलेला भात किंवा घमेलंभर पीठ एकदम घातलं तर पहिल्या पोटात, कोठीपोटात, लॅक्टिक आम्ल होतं. तिथं ग्रंथीच नाहीत. असं वारंवार झालं की अस्तरावरचे उंचवटे कडक होऊन एकमेकांना चिकटतात. आधी कडबा, मग पेंड, आणि पिठाचं प्रमाण हळूहळू वाढवायचं.

कुत्रा. ल्हासा, शिह त्झू अशा लहान जातींत जठराचं खालचं तोंड जाड होऊन अरुंद होतं. खाल्लेलं आठ-दहा तासांनी न पचता बाहेर आलं तर हे आठवा, यावर इलाज शस्त्रक्रियेचा आहे. जठरात वळणदार जंतू सापडले म्हणून तेवढ्यावर निदान करू नका, धडधाकट कुत्र्यांतही ते असतात. आणि घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक त्याला कधीही देऊ नका, जठराला व्रण पडून रक्तस्राव होतो, मूत्रपिंडंही जातात.

शेळीला दर खेपेला तेच जंताचं औषध अंदाजानं पाजू नका, जंत त्याला सरावतात. आधी ताज्या लेंड्या तपासायला द्या, मग वजन करून मात्रा ठरवा.