एक साधे धातुशोधक यंत्र आणि हॉक्सनचे शेत

पडद्यावर दिसणारे हे यंत्र गॅरेट या अमेरिकन कंपनीचे एस 250 आहे. वजन सव्वा किलोच्या आसपास, चार पेन्सिल सेलांवर चालणारे, वर एक छोटा पडदा, मध्ये दांडा आणि खाली ताटलीएवढी लंबगोल कॉइल. गॅरेट हे नाव आपल्याकडे मॉलच्या किंवा विमानतळाच्या दारातल्या तपासणीच्या चौकटीवर दिसते. इंग्लंड-अमेरिकेत मात्र हेच नाव शेतात आणि समुद्रकिनाऱ्यावर जुनी नाणी शोधणाऱ्या हौशी लोकांच्या हाती अधिक असते. या छंदाला नुकत्याच लागलेल्या माणसाने घ्यावीत अशा यंत्रांमध्ये एस 250 चे नाव अनेक वर्षे घेतले जात आहे, कारण त्यात बिघडवण्यासारखे फारसे काही नाही. जमिनीतील खनिजांशी जुळवून घेण्याची मांडणी कारखान्यातच ठरवलेली असते आणि वापरणाऱ्याने फक्त शोधाचा प्रकार व संवेदनशीलता एवढेच निवडायचे असते.

कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातून सेकंदाला 6,500 आवर्तने करणारा, सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो आणि तेवढ्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्या अंगात सूक्ष्म प्रवाह सुरू होतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. परतून आलेला हा संकेत मूळ लहरीच्या किंचित मागे पडलेला असतो. तो किती मागे पडला, यावरून यंत्र धातूबद्दल अंदाज बांधते. लोखंडाला खालचा सूर, मधल्या धातूंना मधला सूर, आणि चांदी व तांब्यासारख्या उत्तम वाहकांना घंटेसारखा खणखणीत सूर, असे तीनच सूर या यंत्राला येतात. नवशिक्याला तेवढे पुरतात.

या तत्त्वाची पहिली प्रसिद्ध परीक्षा मात्र फसली होती. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपले विजेचे उपकरण घेऊन त्यांच्या खाटेशी गेले. गादीतील पोलादी स्प्रिंगांनी त्यांचा घोटाळा केला, आणि डॉक्टरांनी तपासू दिली ती बाजूही चुकीची होती. गोळी सापडली नाही आणि सप्टेंबरमध्ये गारफिल्ड यांचे निधन झाले. आज एखाद्या पडक्या वाड्याशेजारच्या, खिळ्यांनी भरलेल्या जमिनीत यंत्र चालवणाऱ्याची अडचण हीच असते. हवी ती वस्तू असते, पण तिच्याभोवतीचे लोखंड तिचा आवाज झाकून टाकते.

शेतात जाण्याआधी हे यंत्र घरीच ओळखीचे करून घ्यावे. लाकडी टेबलावर, कारण लोखंडी टेबल काहीच ऐकू देणार नाही, एक खिळा, चॉकलेटची चांदी, शीतपेयाच्या डब्याची कडी, सोन्याची अंगठी आणि काही नाणी अंतरावर मांडावीत आणि कॉइल एकेकावरून फिरवावी. या दृश्यात जे नाणे प्रथम वाजते, तो ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया आहे. 11.66 ग्रॅम वजनाचा आणि जवळजवळ 92 टक्के चांदीचा हा रुपया असा स्वच्छ बोलतो की पडद्याकडे पाहण्याची गरज राहू नये. त्याच्याशेजारचा आजचा एक रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचा असल्याने त्याचा आवाज लोखंडाच्या बाजूला झुकतो आणि तुटतो. 1992 पासून पाडलेली ब्रिटिश पेनीही वरून तांब्याची आणि आतून पोलादाची आहे, आणि इंग्लंडमधील नवशिके तिच्यापायी बरेच गोंधळतात. खरी अडचण सोन्याची आहे. बारीक अंगठी, चांदीचा कागद आणि डब्याची कडी ही तिन्ही यंत्राच्या पट्टीवर जवळपास एकाच ठिकाणी उमटतात. कचरा वगळण्यासाठी तो भाग बंद केला, तर अंगठीही वगळली जाते. म्हणून पहिले काही महिने काहीही न वगळता सगळे ऐकावे, हा सल्ला कंटाळवाणा असला तरी योग्य आहे.

आता शेत. इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यात गव्हाची कापणी झाल्यावर ऑगस्टच्या अखेरीस धसकटे उरतात आणि पुढची पेरणी होईपर्यंत शेत मोकळे असते. या काळात शेतकऱ्याची परवानगी मिळण्याची शक्यता अधिक असते. परवानगी लेखी घ्यावी आणि सापडलेल्या वस्तूची वाटणी कशी होणार तेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. पुढे खरोखरच काही सापडले, तर तोंडी शब्दावर मैत्री टिकत नाही, हे तिथल्या शेतकऱ्यांनाही ठाऊक आहे.

कॉइल जमिनीला समांतर, दोन-तीन सेंटीमीटर उंचीवर धरावी. नवशिक्याचा हात प्रत्येक फेरीच्या टोकाला नकळत वर उचलला जातो आणि तेवढ्या उंचीने खोलीतला शोध वाया जातो. फेरी सावकाश हवी आणि प्रत्येक नवी फेरी आधीच्या फेरीच्या अर्ध्या भागावरून जायला हवी. संवेदनशीलता पूर्ण वाढवण्याचा मोह होतो, परंतु वरून विजेच्या तारा जात असतील किंवा शेजारी दुसरे कोणी यंत्र चालवत असेल, तर ते बडबडू लागते. तेव्हा एक-दोन पायऱ्या कमी केलेल्या बऱ्या. सूर आला की तिथेच थांबून दोन्ही बाजूंनी कॉइल फिरवावी, मग काटकोनात वळून पुन्हा फिरवावी. चारही बाजूंनी सारखाच सूर आला तर खणण्यासारखे काही आहे. एका बाजूने खणखणीत आणि दुसऱ्या बाजूने तुटका आला तर बहुधा तो वाकडा खिळा. पडद्यावरचा खोलीचा आकडा नाण्याच्या आकाराची वस्तू गृहीत धरून दाखवलेला असतो. जमिनीखाली नांगराचा फाळ असेल, तर तो आकडा निरर्थक ठरतो. नाण्यासारखी वस्तू अशा यंत्राला साधारण 15 ते 20 सेंटीमीटरपर्यंत ऐकू येते, त्याहून खोलच्या गोष्टी ऐकीव म्हणून सोडून द्याव्यात.

या दृश्यात खणणे कसे चालले आहे ते पाहावे. अरुंद पात्याच्या फावड्याने संकेताच्या मध्यापासून वीतभर दूर माती कापली जाते, म्हणजे पाते वस्तूवर पडत नाही. ढेकूळ उचलून बाजूला ठेवले जाते आणि यंत्र आधी खड्ड्यावरून, मग ढेकळावरून फिरवले जाते. आवाज ढेकळातून आला. ते हाताने फोडल्यावर निघाले काय, तर शिशाची गोल, पांढुरकी पडलेली बंदुकीची गोळी. नवशिक्याच्या पिशवीत बहुतेक वेळा हेच जमते: शिशाच्या गोळ्या, कोटाची बटणे, पट्ट्यांचे बक्कल, काडतुसांच्या पितळी टोप्या आणि अमाप कचरा. कचराही पिशवीतच जायचा, पुन्हा शेतात नाही. नाणे निघाले तर ते अंगठ्याने चोळू नये. मातीत वाळूचे कण असतात आणि ज्या ओरखड्याने नाण्याची किंमत निम्मी होते, तो बहुतेक वेळा सापडल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात पडलेला असतो. जागेची नोंद मोबाइलवर करावी आणि खड्डा बुजवून पायाने दाबावा. गवताळ कुरणात असेल तर हिरवळीचा तुकडा तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उघडावा आणि तसाच परत बसवावा.

इतके आले की यंत्र चालवता आले असे म्हणता येते. खणणे कोठे थांबवावे ही गोष्ट मात्र वेगळी आहे आणि त्यासाठी याच सफोकमधील हॉक्सन गावाचे उदाहरण पाहावे लागते.

16 नोव्हेंबर 1992 रोजी एरिक लॉज हे निवृत्त गृहस्थ पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधण्यासाठी त्याच्या शेतात यंत्र घेऊन उतरले. हे यंत्र त्यांना निवृत्तीची भेट म्हणून मिळालेले होते. हातोडीऐवजी चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी वर येऊ लागली. लॉज यांनी पुढे खणणे थांबवले आणि जमिनीची मालक असलेली सफोक कौंटी कौन्सिल व पोलीस यांना कळवण्यात आले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांचे पथक आले. त्यांनी एका दिवसात उत्खनन केले आणि काही भाग मातीच्या गठ्ठ्यांसकट उचलून प्रयोगशाळेत नेला. मोजदाद झाली तेव्हा 569 सोन्याची, 14,272 चांदीची आणि 24 कांस्य नाणी, म्हणजे एकूण 14,865 नाणी, आणि सुमारे 200 चांदीची भांडी व सोन्याचे दागिने निघाले. सर्वांत अलीकडची नाणी इसवी सन 407-408 ची आहेत. ब्रिटनवरची रोमन सत्ता कोसळत असतानाचा हा ऐवज आहे.

लॉज थांबले नसते तरी ही नाणी मिळालीच असती. मिळाली नसती ती बाकीची माहिती. वस्तू जागच्या जागी राहिल्यामुळे हे कळले की सगळा ऐवज साधारण 60 सेंटीमीटर लांब, 45 रुंद आणि 30 उंच अशा ओकच्या पेटीत होता, आतल्या लहान पेट्यांना चांदीची इवली कुलपे होती आणि भांडी एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये गवत भरलेले होते. कोणीतरी घाईत खड्ड्यात फेकलेला हा माल नव्हता. परत येऊन काढण्याच्या हिशेबाने, निगुतीने बांधलेले हे घरचे किमती सामान होते. ज्याने बांधले तो परत आला नाही, एवढे मातीनेच सांगितले.

या ऐवजात चार मिरेदाण्या आहेत. त्यांतली एक श्रीमंत रोमन स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची आहे. तिच्या तळाशी फिरणारी चकती आहे. चकती एका स्थितीत बंद राहते, दुसऱ्या स्थितीत मिरी भरता येते आणि तिसऱ्या स्थितीत ती पदार्थावर भुरभुरता येते. काळी मिरी त्या काळी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून, मुख्यतः मलबारातून, जहाजांनी रोमन साम्राज्यात जात होती. सफोकच्या थंड मातीत सापडलेल्या या भांड्याचा आपल्या किनाऱ्याशी असा थेट संबंध आहे.

पुढे हा ऐवज राजसत्तेच्या मालकीचा ठरला. त्याचे मोल 17.5 लाख पौंड ठरले आणि ती रक्कम शोधकर्ता म्हणून लॉज यांना देण्यात आली. त्यांनी ती व्हॉटलिंग यांच्याबरोबर वाटून घेतली. ऐवज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि नंतर सापडलेली ती हातोडीसुद्धा तिथेच आहे.

सगळे शोधक असे नसतात. 1980च्या दशकात सरे परगण्यातील वॉनबरो येथील रोमन मंदिराची जागा रात्री यंत्रे घेऊन आलेल्या लोकांनी लुटली आणि हजारो नाणी बाजारात विरून गेली. त्या लुटीनंतर जुना कायदा बदलण्याची मागणी जोर धरू लागली आणि त्यातून 1996 चा ट्रेझर अॅक्ट आला. इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये लागू असलेल्या या कायद्याने 300 वर्षांहून जुनी आणि किमान 10 टक्के सोने किंवा चांदी असलेली वस्तू, तसेच अशी एकत्र सापडलेली दोन किंवा अधिक नाणी, ‘ट्रेझर’ ठरतात आणि 14 दिवसांच्या आत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावे लागते. संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर मोबदला दिला जातो, तो सर्वसाधारणपणे शोधकर्ता आणि जमीनमालक यांच्यात निम्मा-निम्मा वाटला जातो. ज्या वस्तू या व्याख्येत बसत नाहीत, त्यांची नोंद 1997 मध्ये सुरू झालेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये स्वेच्छेने करता येते आणि तेथील नोंदी 15 लाखांच्या पुढे गेल्या आहेत. संरक्षित स्मारकाच्या जागेवर मात्र परवान्याशिवाय यंत्र चालवणे हाच गुन्हा आहे, मग काही सापडो वा न सापडो. 2015 मध्ये हेरफर्डशायरमध्ये व्हायकिंग काळातला मोठा ऐवज दडवणाऱ्यांना पुढे तुरुंगात जावे लागले, आणि तरीही त्यातली बहुतांश नाणी परत मिळाली नाहीत.

आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे आणि हे पाहून कोणी असे यंत्र मागवण्याआधी ती स्पष्ट केलेली बरी. मार्च 2025 मध्ये संभाजी महाराजांवरील एका हिंदी चित्रपटानंतर मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाशेजारी मोगलांचे सोने दडल्याची अफवा पसरली आणि रात्री टॉर्च व मेटल डिटेक्टर घेतलेल्या माणसांनी शेते खणून काढली. अफवेची चर्चा भरपूर झाली, कायद्याची फारशी झाली नाही. 1878 चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर ती काय आहे, किती आहे, कुठे आणि केव्हा सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित गडावर, लेण्यात किंवा मंदिराच्या आवारात विनापरवाना खणणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. इंग्लंडसारखी हौशी शोधकांच्या नोंदी घेणारी व्यवस्था आपल्याकडे नाही. त्यामुळे गडाच्या पायथ्याशी हे यंत्र घेऊन जाण्याचा विचार सोडून द्यावा.

स्वतःच्या शेतात किंवा अंगणात मात्र याचा उपयोग आहे आणि तो लॉज यांच्या पहिल्या कामासारखाच आहे: हरवलेले शोधणे. खुरपणीत कानातली कुडी पडली, तर सरी धरून, कॉइल मातीला जवळजवळ टेकवून, काहीही न वगळण्याच्या प्रकारावर यंत्र ठेवून चालावे. नाणी शोधण्याच्या प्रकारावर ठेवले तर कुडीवरून कॉइल गेली तरी यंत्र गप्प राहण्याचा संभव आहे. बारीक साखळी हरवली असेल तर आणखी सावकाश चालावे, कारण यंत्राला साखळीची प्रत्येक कडी वेगळी आणि म्हणून फारच लहान वाटते. आवाज येतो तो बहुधा तिच्या टोकाच्या जाड फाशाचा किंवा खाली लोंबणाऱ्या पदकाचा.