पडद्यावरची परी पानावर उतरवताना

मंडळी, परीच्या ॲनिमेशनपटाचं पुस्तक करायचं, तर आधी थोडं गणित करू. ७५ मिनिटांचा ॲनिमेशनपट म्हणजे सेकंदाला २४ या हिशेबानं १ लाख ८ हजार चित्रं. त्यावरचं मुलांचं ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चौकटीचौकटींतून सांगितलेली चित्रकथा, समजा ६४ पानांचं आहे, म्हणजे १६ पानांचे चार फर्मे (एकेक मोठा कागद छापून घडी घातलेले गठ्ठे). शीर्षकपान वगैरे वजा जाता साठेक पानं उरतात. पानाला सरासरी पाच चौकटी धरल्या तर झाल्या तीनशे. पंधरा सेकंदांच्या चित्रपटाला एक चौकट!

मग पहिला मोह होतो तो पडद्यावरचीच चित्रं उचलून त्यांवर संवादांचे फुगे चिकटवण्याचा. स्वस्त पडतं, पण फसतं. १९२० बाय १०८० पिक्सेलचं चित्र ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) छापलं की जेमतेम ६.४ बाय ३.६ इंच भरतं. पान उभं, पडदा आडवा. म्हणून त्यातला एक तृतीयांश भाग तेवढा कापून घेऊन पानभर ताणला, की परीचा चेहरा पिठूळ दिसतो. शिवाय हलत्या चित्रातलं एखादं मधलंच चित्र थांबवलं तर डोळे अर्धे मिटलेले, पंख धूसर. आणि फुग्यासाठी जागा कुणी सोडलेलीच नसते. तेव्हा चौकटी नव्यानं काढायला पर्याय नाही.

लंडनमध्ये १९०४ साली जे. एम. बॅरी यांचं ‘पीटर पॅन’ हे नाटक रंगमंचावर आलं, तेव्हा त्यातल्या टिंकर बेल या परीच्या भूमिकेत कुणी नटी दिसत नव्हती. आरशानं नाचवलेला उजेडाचा ठिपका आणि घंटांची किणकिण, एवढीच ती परी. पुढे ॲनिमेशननं तिला देह दिला, तरी परी जिवंत वाटते ती उजेड, हालचाल आणि आवाज यांच्या जोरावरच. नेमक्या याच तीन गोष्टी कागदापाशी नाहीत.

सगळ्यात जास्त घात होतो उजेडाचा. पडदा स्वतः प्रकाश फेकतो. कागदाचा पांढरा रंग हीच त्याच्या उजेडाची हद्द. त्यामुळे परी उजळ करण्याच्या भानगडीत पडू नका, भोवताल गडद करा. तिच्या अंगाजवळचा गाभा कोरा कागद ठेवा, तिथे शाईचा ठिपकाही नको. त्याभोवती पिवळ्याची पातळ कड, मग रात्रीचा निळा. इथेच हमखास चूक होते. पिवळा थेट निळ्यात विरघळू दिला, की मध्ये हिरवट पट्टा उमटतो आणि परी आजारी दिसते. दोहोंमध्ये फिकट गुलाबी घ्या आणि मग जांभळ्यावरून निळ्यात जा. मॉनिटरवरचा झगझगीत हिरवा आणि मोरपंखी चार शाईंच्या (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) छपाईत येतच नाही, म्हणून रंग ठरवण्याआधी त्याच कागदावर नमुना छापून बघा. बिनचकाकीच्या कागदावर शाई पसरते, रात्रीची दृश्यं आणखी काळवंडतात. ती सुरुवातीलाच थोडी फिकी ठेवावीत.

हालचालीचं काम चमकत्या धुळीची रेघ करते, पण तिची दिशा सांभाळायला हवी. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. परी उलटी उडाली तर डोळा मागे खेचला जातो. शत्रू आडवा आला, माघार घ्यावी लागली, अशा वेळीच ती उलटी उडवा. एकाच चौकटीत एकच परी तीन जागी दाखवून झेप सांगता येते. त्यातली शेवटची आकृती तेवढी पूर्ण रंगवायची, आधीच्या दोन नुसत्या रेषांच्या. आणि दर दृश्यात एकदा तरी तिच्याशेजारी बटण, पान, कुपीचं बूच असं काहीतरी ठेवाच. नाहीतर दोन पानांत ती माणसाएवढी वाटायला लागते.

गाण्यांचं फार मनावर घेऊ नये. तीन मिनिटांचं गाणं एका जोडपानात, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांत, बसवा, धृपदाच्या दोन ओळी ठेवा, बाकीचं चित्रावर सोडा. धक्का मात्र पान उलटल्यावर यायला हवा: प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी, उत्तर पुढच्या डाव्या पानावर. समोरासमोरच्या पानांवर दोन्ही आली, तर मूल उत्तर आधी बघतं आणि मजा गेली.

आवाजाचं सगळं काम अक्षरांवर येऊन पडतं. लहान मुलांसाठी एका फुग्यात वीसेक शब्द पुरे, पानावर शंभराच्या आत. पंख बरीच जागा खातात, म्हणून कच्च्या आराखड्यातच फुगे आधी आखावेत आणि पंख त्यांच्या कडेनं वळवावेत. इंग्रजी कॅपिटल अक्षरांसाठी आखलेल्या फुग्यात मराठी मजकूर कोंबला, की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. १० पॉइंटच्या अक्षराला ओळींमध्ये १४ पॉइंटांचं अंतर द्या, फुग्याची उंची सुमारे एक तृतीयांशानं वाढवा आणि मजकूर निव्वळ काळ्या शाईतच ठेवा. चारही शाई मिसळून केलेला काळा वापरला आणि छपाईत रजिस्टर (शाईंचे ठसे नेमके एकमेकांवर बसणं) जरासं सरकलं, तर प्रत्येक अक्षराला रंगीत सावली फुटते.