‘मजेत’ कशावरून?

[वहीचं पान. निळ्या शाईतलं एक वाक्य, त्यातल्या एका शब्दाखाली पेन्सिलीची रेघ.]

“मुलगा वाळूत मजेत खेळत होता.”

नर्सरीत लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिने लिहिलेलं हे पहिलं निरीक्षण. वाचायला काही वावगं नाही. पण तिच्या असेसरने, म्हणजे अधूनमधून येऊन तिचं काम तपासणाऱ्या बाईंनी, ‘मजेत’खाली रेघ ओढली आणि समासात एकच शब्द लिहिला: कशावरून?

ती अठरा वर्षांची आहे. इंग्लंडमधल्या एका नर्सरीत ‘अर्ली इयर्स एज्युकेटर’, म्हणजे शाळेआधीच्या मुलांसोबत काम करणारी, होण्यासाठी अप्रेंटिस म्हणून, पगारी काम करता करता, शिकते आहे. आपल्याकडे पाळणाघर वेगळं आणि बालवाडी वेगळी. तिथली नर्सरी दोन्ही असते. रांगायलाही न लागलेल्या बाळापासून शाळेच्या उंबरठ्यावरच्या पोरापर्यंत सगळे एकाच छपराखाली. कुणी सकाळी साडेसातला येणार, कुणी संध्याकाळी सहाला जाणार. मग तिने मुलांना सांभाळायचं की शिकवायचं? बाळाचा लंगोट बदलताना त्याच्याशी बोलत राहणं हे यातलं नेमकं काय, ते एकदा ठरवून बघा.

[सकाळ. कोट अडकवायच्या खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एका मुलाचा फोटो.]

खोलीत शिरण्याआधी तिचा फोन लॉकरमध्ये जातो. मग डोकी मोजायची. हे काम प्रेमाने चालतं असं बाहेरून वाटतं. आत आलं की कळतं, ते आधी गणितावर चालतं. दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस. दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक. तीन वर्षांपुढे आठांमागे एक, आणि पात्र शिक्षक स्वतः मुलांसोबत असेल तर तेरांमागे एक. दोन वर्षांवाल्यांचा आकडा सप्टेंबर २०२३ पर्यंत चार होता. तो पाच झाला तेव्हा विरोध झाला. कागदावर फरक एकाचाच. पण दोन वर्षांच्या पाच मुलांना एकाच वेळी गमबूट घालून अंगणात न्यायचं आहे, आणि त्यातल्या दोघांनी घातलेले पुन्हा काढले आहेत.

आता ती स्वतः या मोजणीत धरायची का? नियम मुभा देतो. अप्रेंटिस सोळा वर्षांची झालेली हवी, ती सक्षम आणि जबाबदार आहे याची नर्सरीला खात्री हवी, आणि ती ज्या पातळीचं शिकते आहे त्याच्या एक पायरी खालची म्हणून तिला धरायचं. नियमात खोट काढण्यासारखं काही नाही. पण एखाद्या सकाळी दोघी आजारी पडल्या की शिकाऊ माणूस आणि हाताखालचं माणूस यांतली रेघ पुसट होते. ती शिकायला आली आहे हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही. बऱ्याचदा तिच्याही नाही.

पैशांचंही बोलून टाकू. एप्रिल २०२५ मध्ये अप्रेंटिससाठी तासाला किमान ७.५५ पौंड दर लागू झाला. एकोणीस वर्षांखालच्यांना, किंवा अप्रेंटिसशिपच्या पहिल्या वर्षात असलेल्यांना अप्रेंटिसचा दर लागतो. एकवीस वर्षांच्या आणि त्यावरच्या कामगाराला त्याच वेळी किमान १२.२१ पौंड होते. दुसरीकडे सप्टेंबर २०२५ पासून, अटींत बसणाऱ्या नोकरदार आईवडिलांच्या नऊ महिन्यांवरच्या मुलांसाठी आठवड्याला तीस तासांचा खर्च, वर्षातले अडतीस आठवडे, सरकार उचलतं. मुलांची संख्या वाढली म्हणजे हातही वाढायला हवेत. या स्वस्त हातांना मागणी का आहे, ते वेगळं सांगायला नको.

[बाळांची खोली. पडदे ओढलेले. भिंतीवर टांगलेली पाटी आणि घड्याळ.]

पहिले दोन महिने ती बाळांच्या खोलीत होती. झोपवताना बाळ पाठीवर. झोपलेल्या बाळाकडे पुन्हा पुन्हा जाऊन बघायचं, श्वास चालू आहे ना, आणि वेळेसकट पाटीवर नोंद करायची. खाऊच्या वेळी द्राक्ष उभं चिरायचं, चार फोडी करायच्या. आख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखं बसू शकतं. जेवणारं मूल सतत नजरेच्या आणि कानाच्याही टप्प्यात हवं. घशात अडकलेलं मूल पुष्कळदा आवाजच करत नाही, म्हणून नुसता कान देऊन भागत नाही.

लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा पूर्ण कोर्स बारा तासांचा, दर तीन वर्षांनी पुन्हा करायचा. तिथे तिने रबरी बाहुलीला हातावर पालथं धरून पाठीवर पाच थापा मारल्या. अडकलेलं निघालं नाही तर उताणं करून छातीवर पाच दाब. हे एका वर्षाच्या आतल्या बाळासाठी. त्यापुढच्या मुलाला छातीऐवजी पोटावर दाब द्यायचा. कोर्सहून परतल्यावर आठवडाभर तिला प्रत्येक बिस्किटाची भीती वाटत होती.

[जुनी बाग. झाडं, लाकडी शेड.]

हे शिक्षण मुलांमध्ये उभं राहूनच का घ्यायचं? याची एक जुनी गोष्ट लंडनच्या डेप्टफर्डमध्ये आहे. रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या दोघी बहिणींनी १९१४ मध्ये तिथल्या गरीब वस्तीत उघड्यावरची नर्सरी सुरू केली. बाग, मोकळी हवा, आंघोळ, पोटभर जेवण आणि भरपूर खेळ. रेचेल १९१७ मध्ये गेली. मार्गारेटने काम पुढे नेलं आणि बहिणीच्या नावाचं प्रशिक्षण महाविद्यालय १९३० मध्ये तिथेच उभं राहिलं. शिकणाऱ्यांनी मुलांपासून लांब बसून शिकायचं, हे मार्गारेटला मान्य नव्हतं.

पुढे १९४५ मध्ये परीक्षा मंडळ निघालं आणि ‘नर्सरी नर्स’ला प्रमाणपत्र मिळू लागलं. २०१४ पासून पात्रतेचं नाव ‘अर्ली इयर्स एज्युकेटर’. नर्सची एज्युकेटर झाली. शेंबूड पुसायचं काम मात्र तेच राहिलं, आणि माझ्या मते ते वगळून एज्युकेटर होताही येत नाही.

[मोठी वेताची टोपली. त्यात लाकडी चमचा, किल्ल्यांचा जुडगा, ब्रश, लोकरीचा गोळा.]

ही टोपली नीट पाहा. एलिनॉर गोल्डश्मीड या बाईंनी बसू लागलेल्या बाळांसाठी ही कल्पना रुजवली. त्यात प्लॅस्टिकचं खेळणं नाही. लाकूड, धातू, लोकर, चामडं. वजन, वास आणि थंडपणा वेगवेगळा असलेल्या साध्या वस्तू. बाळ त्यातलं हवं ते उचलतं, तोंडात घालतं, टाकतं, दुसरं घेतं. आणि मोठ्या माणसाने काय करायचं? जवळ बसायचं. लक्ष ठेवायचं. गप्प राहायचं.

तिला हेच जमेना. बाळाने किल्ल्या उचलल्या की ती म्हणायची, “अरे वा, किल्ल्या! वाजव बघू!” बाळ किल्ल्या सोडून तिच्या तोंडाकडे बघायचं. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा रूम लीडरने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “तू त्याचं बोलणं मधेच तोडलंस.”

बाळ तर बोलत नव्हतं. दुपारभर ती या वाक्याशी झटापट करत होती.

कामसू माणसाला या नोकरीत सगळ्यात जड जाते ती ही गोष्ट. झाडायला सांगा, पुसायला सांगा, रडणाऱ्याला उचलायला सांगा, ती धावेल. नुसतं बसून बघायला सांगितलं की आपण फुकटचा पगार घेतोय असं तिला वाटतं. आणि बाहेरून खोलीत डोकावणाऱ्यालाही तसंच वाटतं.

[अंगण. टेकवलेली फळी. एक लहान मूल, हातात गाडी.]

सहाव्या महिन्यात तिला दोन वर्षांच्या मुलांकडे हलवलं. त्यांच्यातला एक मुलगा वस्तू फेकायचा. चमचा, ठोकळा, बूट. जेवणाच्या टेबलावरून वाटी ढकलून ती पडताना वाकून बघायचा. तिच्या मनात त्याचं नाव ‘फेक्या’ पडलं होतं; वहीत अर्थात लिहिलं नव्हतं.

असेसरने तिला सांगितलं, त्याला थांबवण्याआधी एक दिवस फक्त लिहून काढ: काय फेकलं, कुठून, पुढे काय केलं. त्या दिवशीच्या नोंदींत दिसलं ते असं. तो माणसांवर काही फेकत नव्हता. दर वेळी वस्तू पडली की ती कुठे थांबते ते बघायला जात होता. पाण्याच्या नळाखाली हात धरून धार वाकवत होता. घसरगुंडीवरून स्वतः न घसरता पाला सोडत होता.

या क्षेत्रात याला ‘स्कीमा’ म्हणतात: मूल एकच क्रिया वेगवेगळ्या वस्तूंवर पुन्हा पुन्हा करून पाहतं, आणि त्यातून जगाचे नियम जमवतं. कुणी सगळं गुंडाळतं, कुणी सगळं पिशवीत भरून इकडून तिकडे नेतं, कुणी गोल फिरणाऱ्या गोष्टींच्या मागे असतं. याला वरून खाली जाणाऱ्या वस्तूंचा ध्यास होता. मग अंगणात एक फळी टेकवली गेली, शेजारी गाड्या आणि चेंडू. वाट्या पडायच्या एकदम थांबल्या असं नाही. कमी झाल्या.

[टॅबलेटवर नोंदी. मग पुन्हा वही.]

इंग्लंडमध्ये जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘ईवायएफएस’ (अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज) ही चौकट २००८ पासून लागू आहे. शिक्षणाची सात क्षेत्रं. त्यातली तीन पायाची: संवाद आणि भाषा, शरीराची वाढ, आणि भावनिक-सामाजिक वाढ. मधल्या काळात या चौकटीपायी नोंदींचे ढीग झाले होते. मुलांच्या खोलीत बसून मोठी माणसं मुलांकडे नव्हे, मुलांविषयीच्या फॉर्मकडे बघत होती. २०२१ च्या सुधारणेत कागद कमी करून मुलांसोबतचा वेळ वाढवा, असं स्पष्ट केलं गेलं. अप्रेंटिसला मात्र पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामाच्या नोंदींचा संग्रह, भरायचाच असतो. त्यासाठी कामाच्या तासांतलाच वेळ द्यायचा नियम आहे. शेवटी ज्ञानाची चाचणी आणि त्या पोर्टफोलिओवर आधारलेली चर्चा होते. तिची अजून सहा महिने लांब आहे.

[दार. सकाळ. एक आई, तिच्या मानेला मिठी मारलेलं मूल.]

प्रत्येक मुलाला एक ‘की पर्सन’ नेमून द्यावाच लागतो: ते मूल ज्याच्या खास जबाबदारीत आहे असं एक माणूस, घरच्यांनी ज्याच्याशी बोलायचं असं एक माणूस. बाळाला सगळ्यांचं थोडं थोडं पुरत नाही, त्याला कुणीतरी एक लागतं. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या कामातून आलेला हा विचार. वाटप कागदावर होतं. मुलं तो कागद वाचत नाहीत. एका मुलीने आपला माणूस म्हणून स्वयंपाकघरातल्या काकांना निवडलं होतं. शहाण्या नर्सरीने आठवडाभर सकाळी तिला काकांच्या हाती सोपवलं आणि की पर्सन शेजारी उभी राहिली.

दाराशी रडणाऱ्या मुलाला “रडू नको” म्हणायचं नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मग काय म्हणायचं, ते कळायला वेळ लागला. “आई हवी आहे ना तुला. आई दुपारचं झोपून उठल्यावर येईल.” घड्याळाची वेळ दोन वर्षांच्या मुलाला काही सांगत नाही, झोपून उठणं सांगतं. आणि आईने गुपचूप सटकायचं नाही, सांगून जायचं, हे आईला समजावणं मुलाला समजावण्याहून कठीण.

[संध्याकाळ. अंगणात सावल्या. खुंट्या रिकाम्या होत चाललेल्या.]

साडेपाच वाजलेत. फळीवाल्या मुलाचे बाबा आले आहेत, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच.

“कसा होता आज?”

‘मजेत’ तिच्या ओठांवर येतो. ती थांबते.

“आज त्याने फळीखाली विटा सरकवून ती आणखी उंच केली,” ती सांगते. “स्वतःच. मग तीच गाडी सोडली आणि ती कुंपणाला आपटली. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, ‘लांब’. हा शब्द मी त्याच्याकडून आधी ऐकला नव्हता.”

बाबा खाली बसतात, मुलाच्या उंचीला. “लांब?”

मुलगा बुटातून वाळू ओततो आहे. ती जमिनीवर पडेपर्यंत बघतो, मग दुसरा बूट काढतो.

ती झाडू आणायला जाते.