मनगटावरची पावले

[पडद्यावर : मशीद बंदरची गल्ली, सकाळ, भरलेली हातगाडी]

मुंबईच्या मशीद बंदरात सकाळी दहानंतर भरलेली हातगाडी गल्लीतून बाहेर काढणे हे बळाइतकेच नजरेचेही काम असते. मिऱ्याची पोती लादलेली ही गाडी ढकलणारे हमालकाका दोन्ही हात आडव्या दांड्यावर रोवून, सगळे अंग पुढे झोकून चालले आहेत. त्यांच्या डाव्या मनगटावर आम्ही चित्रीकरणापुरता पावले मोजणारा पट्टा बांधला आहे आणि आमचा एक सहकारी त्यांच्या पायांवर डोळे ठेवून, प्रत्येक पावलाला हातातल्या टॅली काउंटरची कळ दाबत शेजारून चालतो आहे. गाडी टेम्पोपाशी थांबली तेव्हा काउंटरवर 200 च्या पुढचा आकडा होता. पट्ट्यावरचा आकडा मात्र गोदामाच्या दारात जो होता, त्याच्याच आसपास घुटमळत होता. काकांनी तो पाहिला, पट्टा घड्याळासारखा कानाशी नेला आणि "बंद हाय" असे सांगून टाकले.

पट्टा बंद नव्हता. मनगट हलले तर त्याने मोजायचे असते, आणि दांड्यावर रोवलेले मनगट जवळजवळ हललेच नव्हते.

[पडद्यावर : मेजावर उघडलेला जुना पेडोमीटर]

पावले मोजणारी जुनी यंत्रे कमरेला अडकवीत, कारण चालताना प्रत्येक पावलाला धड किंचित वर जाऊन खाली येते. या उघडलेल्या पेडोमीटरमध्ये स्प्रिंगवर तोललेली लहानशी तरफ दिसते आहे. धडाबरोबर ती खाली येते, विजेची जोडणी क्षणभर पूर्ण होते आणि आकडा एकाने वाढतो. बोटाने उचलून सोडली तर 'टक्' असा बारीक आवाज येतो. माणसाचे हात मोकळे आहेत की त्याने डोक्यावरची पाटी धरली आहे, याच्याशी तिला काही कर्तव्य नसते. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्याच वर्षी, 1965 मध्ये, जपानमधील यामासा या कंपनीने कमरेला लावायचे एक यंत्र बाजारात आणले आणि त्याला 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, असे नाव दिले. आज बहुतेक पट्ट्यांत मुक्काम ठोकून बसलेले दहा हजारांचे लक्ष्य त्या विक्रीच्या नावातून आले आहे. ते कोणा वैद्याने घालून दिलेले नाही. पुढे जपानच्या औद्योगिक मानकांनी अशा यंत्रांना 100 पावलांमागे 3 पावलांपर्यंतचीच चूक माफ केली.

[पडद्यावर : बोटांतून सरकणारी जपमाळ]

मानपो-केईच्या आधी शंभर वर्षे, 1865 मध्ये, पावले मोजून अंतर मापण्यासाठी तिबेटच्या मोहिमेवर निघालेले सर्वेक्षक पंडित नैनसिंह रावत यांच्याही हिशेबात दहा हजार पावलेच होती, हा निव्वळ योगायोग. पण सांगितल्यावाचून राहवत नाही. सर्वेक्षण खात्याने त्यांच्या हाती 108 ऐवजी 100 मण्यांची माळ दिली होती. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, म्हणजे माळेचा एक फेरा पुरा झाला की 10,000 पावले झाली. प्रत्येक पाऊल सारख्याच लांबीचे पडावे म्हणून त्यांच्याकडून आधी तालीम करून घेण्यात आली होती. पडद्यावरची माळ अर्थातच त्यांची नव्हे, ती आम्ही मोजून ओवून घेतली आहे.

[पडद्यावर : पट्ट्यातील चिपचे रेखाचित्र]

आजच्या पट्ट्यात तरफ नसते, माळही नसते. त्यात असतो तो ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हालचालीतील वेगबदल टिपणारा सिलिकॉनचा कण. कंगव्याचे दात एकमेकांत अडकवावेत, पण टेकू देऊ नयेत, तशी त्याची रचना असते. एक कंगवा पक्का बसवलेला असतो आणि दुसरा सिलिकॉनच्याच नाजूक स्प्रिंगांवर झुलता असतो. मनगटाला हिसका बसला की झुलता कंगवा मागे राहतो, दातांमधले अंतर बदलते आणि त्याबरोबर त्यांच्यातील विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमताही बदलते. हे अंतर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी असते. तिन्ही दिशांतील हा बदल सेकंदाला अनेकदा नोंदवला जातो आणि त्यातून एक खालीवर जाणारी रेघ तयार होते. त्या रेघेतले कोणते शिखर म्हणजे पाऊल, हे ठरवण्याचे काम पट्ट्यातला प्रोग्रॅम करतो. मोकळ्या चालीत हात एकदा पुढे जाऊन मागे येतो तेवढ्यात दोन पावले पडतात, हे त्याला ठाऊक असते. सेकंदाला दोनच्या आसपास ठोके पडू लागले, की माणूस चालतो आहे असे तो धरून चालतो. उगाच हात हलवल्याने आकडा फुगू नये म्हणून बरेच पट्टे सुरुवातीची काही पावले सलग पडेपर्यंत थांबतात आणि मगच मोजायला लागतात.

[पडद्यावर : परळच्या चाळीतील खोली, परात, तवा]

या ताईंनी ज्वारीचा उंडा परातीत ठेवला आहे. हाताचा पंजा एका लयीत पडतो, भाकरी गोल फिरत मोठी होत जाते आणि त्याच लयीत मनगटावरचा आकडा वाढतो आहे. त्यांचे पाय जागचे हललेले नाहीत. आता भाकरी तव्यावर टाकून त्या मोरीपाशी जातात, तांब्या भरून परत येतात. जाताना चार पावले, येताना चार. आकडा तसाच आहे, कारण चार पावले म्हणजे चालणे, हे प्रोग्रॅमला मान्यच नाही. दिवसभरातील अशा खेपांची बेरीज कोण करणार, हा प्रश्न पट्टा बनवणाऱ्यांना त्यांच्या स्वयंपाकघरात पडायला हरकत नव्हती.

[पडद्यावर : शिवाजी पार्कचा कट्टा, काठी टेकत चालणारे आजोबा]

चाल फार मंद असेल, साधारण ताशी 3 किलोमीटरच्या खाली, आणि पाय घासत पडत असतील, तर हिसकेच इतके सौम्य होतात की पावले निसटू लागतात. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकी हाकणाऱ्याच्या खात्यावर फुकटची पावले जमा होऊ शकतात.

याच पार्कात हात झुलवत झपझप चालणाऱ्यांचा आकडा मात्र पुष्कळसा बरोबर येतो, हेही सांगायला हवे. 2015 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी 14 निरोगी व्यक्तींना ट्रेडमिलवर चालवून अनेक उपकरणे पडताळली. त्यांत कमरेला लावलेली यंत्रे सर्वांत अचूक निघाली आणि मनगटाचा एक पट्टा 20 टक्क्यांहून अधिक मागे पडला. ट्रेडमिलवर ना पोती असतात, ना परात. 2019 मध्ये अमेरिकेतील 16 हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात पावले वाढतील तसा मृत्यूचा धोका कमी होताना दिसला आणि सुमारे 7,500 पावलांनंतर ही घट थांबली. त्या अभ्यासातील मापकही कमरेलाच बांधलेले होते.

काही विमा कंपन्या पावलांच्या नोंदींवर सवलती देतात आणि कचेऱ्यांमध्ये पावलांच्या स्पर्धाही लागतात.

[पडद्यावर : पुन्हा मशीद बंदर, रिकामी हातगाडी]

पोती उतरली आहेत. काका रिकामी गाडी उजव्या हाताने मागे ओढत गोदामाकडे परतत आहेत आणि पट्टा बांधलेला त्यांचा डावा हात मोकळा झुलतो आहे. आकडा वाढू लागला आहे.