काठ सोडताना

(दृश्य : पहाटे सव्वापाच. महापालिकेचा तरणतलाव. पाण्यावर दिव्याचा हलता पट्टा.)

पहिले अकरा दिवस मी काठ सोडलाच नव्हता.

२०१९चा उन्हाळा होता. माझं वय सेहेचाळीस. बायकांची बॅच, पाणी छातीपर्यंत. शेजारी दुसरी-तिसरीतल्या मुली धपाधप सूर मारायच्या आणि मी, वीस वर्षं गणित शिकवत आलेली बाई, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून उभी. शिकवणाऱ्या ताई रोज म्हणायच्या, "फक्त एक हात सोडा." तो एक हात सुटत नव्हता.

(दृश्य : विश्वामित्रीवरचा पूल. खाली गढूळ पाणी, काठावर ऊन खात पडलेली मगर.)

बडोद्यात वाढलेल्या माणसाला पाण्याची भीती वेगळी शिकवावी लागत नाही. आमची नदी शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. लहानपणी कमाटीबागेत जाताना वडील पुलावर थांबायचे, मला उचलून कठड्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "ती बघ, ओंडक्यासारखी." नदी बघायची असते, तिच्यात उतरायचं नसतं, हे तेव्हाच मनात बसलं. आजव्याला सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेला एवढा मोठा जलाशय आहे, पण मगरी तिथेही आहेत. समुद्र म्हणाल तर जवळचा म्हणजे खंभातचं आखात. तिथे चिखल, आणि भरती-ओहोटीतला फरक जगातल्या मोठ्या फरकांपैकी एक. पोहण्याचा सराव करायची ती जागा नव्हे. म्हणजे बडोद्याच्या माणसाला उघड्या पाण्यात पोहायची शर्यत करायची असेल, तर त्याच्याकडे असतो एक तलाव, फरशी लावलेला, तळाला काळी रेघ आखलेला.

मला या पाण्यात उतरवलं ते सासूबाईंनी.

(दृश्य : घरातलं मागचं अंगण. पितळी घंगाळ. म्हाताऱ्या हातांवर हिरव्या बांगड्या.)

आई मूळच्या सावंतवाडीकडच्या. सातव्या वर्षी पाठीला वाळवलेले भोपळे बांधून त्यांना विहिरीत सोडलं होतं. लग्न होऊन बडोद्याला आल्या आणि नंतर साठ वर्षं पाण्यात गेल्या नाहीत. मी रोज रडकुंडीला येऊन परत येतेय हे बघून एका रविवारी त्यांनी घंगाळ भरलं. म्हणाल्या, "अगं, तू श्वास धरून ठेवतेस. तोंड घाल आणि बुडबुडे काढ. सगळा सोड. मग आत घ्यायला जागा होईल."

पुढे पुस्तकांत वाचलं, ते अगदी हेच होतं. पोहताना दम लागतो तो बहुतेक वेळा हवा कमी पडली म्हणून नाही, आतली हवा बाहेर सोडली नाही म्हणून. छातीत कार्बन डायऑक्साइड साचतो, मेंदू घाबरतो, हातपाय आखडतात, आखडलेलं शरीर बुडायला लागतं. आईंना कार्बन डायऑक्साइड ठाऊक नव्हता. त्यांना विहीर ठाऊक होती. "पाण्याला ढकलू नकोस," त्या म्हणाल्या, "पाण्यावर निज."

बाराव्या दिवशी मी निजले. पाच-सहा सेकंद असेन. पण दोन्ही हात मोकळे होते.

(दृश्य : भिंतीवर वहीचं पान, हातानं आखलेले तीन रकाने : पोहणे, सायकल, धावणे.)

ट्रायथलॉन म्हणजे तीन खेळ, एकामागोमाग एक, मधे घड्याळ थांबत नाही. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २०००मध्ये सिडनीत आला : दीड किलोमीटर पोहणं, चाळीस सायकल, दहा धावणं. १९७८मध्ये हवाई बेटांवर पंधरा माणसांनी याचं खूप लांब रूप करून पाहिलं आणि त्यातले बारा शेवटपर्यंत पोचले. त्याला आयर्नमॅन म्हणतात. त्याचं अर्धं अंतर, १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल आणि २१.१ धावणं, याची शर्यत २०१९पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर होते. वृत्तपत्रात तिचा फोटो बघितला आणि मी तो कापून वहीत चिकटवला. तेव्हा मला तलावाची एक लांबीही पार करता येत नव्हती.

या खेळात एक गोष्ट मला फार न्याय्य वाटते. पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात आणि वय मोजतात ते त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला जे असेल ते. पन्नाशीची बाई पन्नाशीच्या बायकांबरोबर शर्यत करते. सिस्टर मॅडोना ब्युडर नावाच्या अमेरिकन जोगिणीनं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी धावायला सुरुवात केली, बावन्नाव्या वर्षी पहिली ट्रायथलॉन केली आणि ब्याऐंशीव्या वर्षी, २०१२मध्ये, कॅनडात पूर्ण आयर्नमॅन वेळेत संपवली. तिच्यासारख्या बायका येत गेल्या तसतसे वरचे वयोगट उघडावे लागले. मी वर्गात मुलींना हे सांगते तेव्हा माझा आवाज चढतो, चढू दे.

मार्च २०२०मध्ये तलाव बंद झाले. दीड वर्ष मी फक्त धावले आणि घंगाळात बुडबुडे काढले. त्या दिवसांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

(दृश्य : हालोल रस्ता, पहाट. समोर पावागढची काळी आकृती, हळूहळू उजळणारी.)

रविवार सायकलचा. आमच्या घरापासून पावागढच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत आलं की साधारण नव्वद किलोमीटर होतात. गोव्याच्या शर्यतीचं अंतर देवानंच आखून दिल्यासारखं. विश्वामित्रीचा उगम याच डोंगरात. म्हणजे मी दर रविवारी नदीच्या उलट निघते आणि तिच्याबरोबर परत येते.

जाताना सोपं जातं. वारा पाठीशी असतो, कारण उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत तो नैर्ऋत्येकडून येतो आणि डोंगर ईशान्येला आहे. चांपानेरच्या मशिदींचे मिनार दिसायला लागले की वाटतं, आज पाय काय छान चाललेत! ते पाय नसतात, वारा असतो. परत फिरलं की तो तोंडावर येतो, ऊन चढतं आणि उरलेले पंचेचाळीस किलोमीटर खरे मोजावे लागतात. हा हिशेब कळायला मला एक पूर्ण उन्हाळा लागला. पहिल्या अर्ध्या वाटेत जपून ठेवलं नाही तर दुसऱ्या अर्ध्यात द्यायला काही उरत नाही.

वाटेतल्या चहावाल्या भाईंना माझी वेळ पाठ झाली आहे. उशीर झाला तर विचारतात, "आजे मोडा पड्या, बेन?" ते बाटलीत पाणी भरून देतात, मी त्यात घरून आणलेली पुडी टाकते : लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. निघताना आणि परत आल्यावर मी वजन करते. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर घाम गेला आणि तो भरून निघाला नाही. एप्रिलमध्ये एकदा वजन सव्वादोन किलोनं कमी भरलं होतं. त्या दिवशी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. हे घाबरले, मीही घाबरले. तेव्हापासून तहान लागायची वाट बघत नाही, दर पंधरा मिनिटांनी घोट घेते. आणि घोटच, कारण मीठ न घालता नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं, तेही धोक्याचं.

दारात सायकल टेकवायची, बूट बदलायचे आणि लगेच धावायला निघायचं. शर्यतीत हेच करायचं असतं, म्हणून त्याचा वेगळा सराव. लक्ष्मीविलास पॅलेसच्या भिंतीकडेनं पहिला किलोमीटर असा जातो की पाय आपले नाहीतच, कुणाचे तरी उसने आणले आहेत. दुसऱ्या किलोमीटरला ते ओळख देतात.

(दृश्य : जिन्याची पायरी. टाच हळूहळू खाली जाते.)

पन्नाशीतला सराव तिशीतल्यासारखा होत नाही, हे मला टाचेनं शिकवलं. २०२३च्या हिवाळ्यात उत्साहाच्या भरात मी आठवड्याचं धावणं वीस किलोमीटरवरून एकदम पस्तीसवर नेलं. दम होता, हृदय साथ देत होतं. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या शिरा फार सावकाश तयार होतात आणि वय वाढतं तशा अधिकच सावकाश. डाव्या टाचेमागची जाड शीर सुजली. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली दहा पावलं लंगडत टाकायची. सात आठवडे धावणं बंद.

फिजिओथेरपिस्टनी पायरीचा व्यायाम दिला. चवड्यावर उभं राहून टाच सावकाश पायरीखाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेरे, गुडघा वाकवून पंधराचे तीन, सकाळ-संध्याकाळ. दिवसाला एकशेऐंशी वेळा, बारा आठवडे. माझे काका दांडिया बाजारातल्या माणिकराव आखाड्यात मल्लखांब करायचे. मला पायरीवर उभं बघून म्हणाले, "आमच्याकडे नवीन पोराला महिनाभर खांबाला हातच लावू देत नसत. आधी बैठका." मला त्यांचं म्हणणं त्या दिवशी नीट कळलं. तेव्हापासून धावणं आठवड्याला थोडंच वाढवते, चौथा आठवडा हलका ठेवते, दोन दिवस वजनं उचलते. बराचसा सराव इतक्या बेतानं की बोलता यावं. पाळी थांबल्यावर बाईची हाडं आणि स्नायू झपाट्यानं झिजतात, म्हणून वजनं उचलणं मी कधीच चुकवत नाही. माझ्या वयाच्या मैत्रिणींना मी हे भेटेल तिथे सांगते, भाजीच्या गाडीपाशीसुद्धा.

(दृश्य : ऑगस्ट २०२४. मोबाइलवर टिपलेली गल्ली, गुडघ्याच्या वर पाणी.)

शर्यत ऑक्टोबरच्या शेवटी होती. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री पात्र सोडून शहरात शिरली. आमच्या तळमजल्यावर कमरेइतकं पाणी. दोन दिवस आम्ही वरच्या मजल्यावर होतो, वीज नव्हती. शहरात ठिकठिकाणी वस्त्यांमधून मगरी पकडून नेल्या जात होत्या. सायकल आम्ही गच्चीवर चढवली होती. घंगाळ मात्र वाहत जाऊन शेजारच्या कुंपणाला अडकलं.

पाणी उतरल्यावर तीन आठवडे चिखल उपसण्यात गेले. पोहणं नाही, सायकल नाही. शर्यतीचा विचार मी सोडून दिला होता, मुलाला तसं सांगितलंही. आई गाद्या उन्हात घालत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "पाणी घरात येऊन गेलं. आता तू त्याच्याकडे जाऊन ये."

(दृश्य : मिरामार. उजाडायच्या आधीची वाळू, रंगीत टोप्यांची लांब रांग.)

गोव्यातलं पाणी कोमट असतं, पोहण्याचा रबरी पोशाख लागत नाही. १.९ किलोमीटरसाठी सत्तर मिनिटं. त्यात बाहेर आलं नाही तर शर्यत तिथेच संपते. पाण्यात शिरले आणि पहिल्या तीन मिनिटांत सगळं विसरले. कुणाचा पाय चष्म्यावर बसला. तळाला काळी रेघ नव्हती, तळच दिसत नव्हता. श्वास छातीत अडकला, अगदी २०१९सारखा.

मदतीला छोट्या होड्या असतात. नियम असा की होडी धरून विश्रांती घेता येते, फक्त तिनं तुम्हाला पुढे नेता कामा नये. एक होडी माझ्या उजव्या हाताला होती, दहा हातांवर. त्यातल्या मुलानं माझ्याकडे बघून होडीच्या कडेवर हात थोपटला. धरायला काहीच हरकत नव्हती.

मी तोंड पाण्यात घातलं आणि बुडबुडे काढले. सगळे. मग पुन्हा. मग पाण्यावर निजले. दर आठ हातांनी मान वर, नारिंगी बोया कुठे आहे ते बघायचं, परत खाली.

एक तास एक मिनिट.

पुढचं वहीत आहे. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, पुढच्या सायकलपासून बारा मीटर अंतर ठेवायचं, हे सगळं पाळलं. सायकल तीन तास बावन्न मिनिटं. धावणं दोन तास सत्तेचाळीस, त्यातले शेवटचे सहा किलोमीटर बरेचसे चालत, टाच शांत होती पण मांड्या नव्हत्या. कपडे आणि बूट बदलण्याचा वेळ धरून सात तास चोपन्न मिनिटं. मर्यादा साडेआठ तासांची होती.

(दृश्य : बडोदं. ओल उतरलेली भिंत, नवा रंग. आई खिडकीशी, हातात भिंग.)

आईंना निकालाचा कागद छापून दिला. त्यांनी सायकल आणि धावण्याच्या रकान्यांवर बोटही ठेवलं नाही.

"एकोणीसशे मीटर म्हणजे किती गं? आमची विहीर वीस फूट रुंद होती."

वीस फूट म्हणजे सहा मीटर धरले. "तीनशे सतरा फेऱ्या, आई."

त्या बराच वेळ गप्प होत्या. बोटांवर काहीतरी मोजत असाव्यात.

"आणि मधे कशाला धरलं नाहीस?"

"नाही."

"होडी होती म्हणालीस ना फोनवर?"

"होती. नाही धरली."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि गादीखाली ठेवली, जिथे त्या घराचे कागद ठेवतात.