'टेन्शन नको घेऊ'वर लाल काट

भिंतीवर या ज्या पिवळ्या चिठ्ठ्या दिसतायत ना, त्यातून टेन्शनमधल्या पोरांचं ऐकून घेणारा एक चॅटबॉट तयार होतोय. नागपूरचं धरमपेठ, तिसरा मजला, खाली तर्री-पोह्याचा ठेला, त्यामुळे मीटिंग कधीच वेळेवर सुरू होत नाही.

ही मधली चिठ्ठी वाचा. "नीटचा रिझल्ट लागला, घरी सांगायची हिंमत नाही होऊन राहिली." खाली टीममधल्या पोरांनी बॉटसाठी सुचवलेली उत्तरं, आणि लाल पेन घेऊन उभ्या आहेत त्या समुपदेशक ताई. "टेन्शन नको घेऊ, सगळं ठीक होईल", काट. प्राणायामाच्या स्टेप्स, काट. "अरे बाप्पा, सल्ला मागितला काय त्यानं?" शेवटी उरलं ते एवढंच: "घरच्यांना सांगायची भीती वाटतेय. सगळ्यात जास्त कोणाला सांगायची?" म्हणजे आधी त्याचंच म्हणणं त्याला ऐकवायचं, मग एकच प्रश्न, आणि थांबायचं.

ही युक्ती जुनी आहे बरं का. 1966 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम मांडला, त्याला कळत काहीच नव्हतं, तुमचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, तरी त्यांची सेक्रेटरी, जिने ते काम होताना बघितलं होतं, थोडं टाइप केल्यावर त्यांनाच म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जा ना. वायझेनबाम हादरले, पुढे मशीनच्या हातात काय द्यायचं नाही यावर 1976 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणून इथे पहिलाच मेसेज, "मी माणूस नाही, प्रोग्रॅम आहे." माझ्या मते हे वाक्य सगळ्यात मोठ्या अक्षरात हवं.

आता स्क्रीनवरचे हे तीन नाचणारे ठिपके. यावर अख्खी दुपार भांडण झालं, उत्तर झटकन आलं तर वाचलंच नाही असं वाटतं, मुद्दाम उशीर केला तर माणूस असल्याचं नाटक. अजून मिटलेलं नाही.

जीव द्यायची भाषा आली की बॉट गप्पा बंद करतो, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर समोर ठेवतो आणि ड्युटीवरच्या माणसाला कळवतो, कारण चुका महागात पडतात, 2023 मध्ये अमेरिकेत खाण्याच्या विकारांसाठीचा एक बॉट वजन कमी करायच्या टिप्स द्यायला लागला आणि बंद करावा लागला.

पुढची चाचणी होस्टेलवर. तिथलं प्रत्येक उत्तर, पोरांची परवानगी घेऊन, ताई स्वतः वाचणार. लाल पेनं त्यांनी आत्ताच मागवून ठेवलीत.